हॅरियर ईव्ही की एक्सईव्ही ९ई : पुण्याच्या पट्ट्यातल्या दोन विजेच्या गाड्या

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात, एकमेकींपासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या टप्प्यात, विजेवर चालणाऱ्या दोन मोठ्या एसयूव्ही तयार होतात. पिंपरीला टाटा मोटर्सची हॅरियर ईव्ही आणि चाकणला महिंद्राची एक्सईव्ही ९ई. महिंद्राने आपली गाडी २६ नोव्हेंबर २०२४ रोजी चेन्नईत लोकांपुढे आणली आणि २०२५च्या मार्चपासून ती ग्राहकांच्या हाती पडू लागली. टाटांची गाडी ३ जून २०२५ रोजी बाजारात आली. दोन्ही पाच आसनी. दोन्हींची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत साडेएकवीस-बावीस लाखांच्या घरात: हॅरियरची २१.४९ लाख, एक्सईव्हीची २१.९० लाख. खास आवृत्ती सोडली तर वरच्या टोकाला हॅरियर २८.९९ लाखांपर्यंत जाते, एक्सईव्ही ३०.५० लाखांपर्यंत. याहून कमी बजेट असेल तर ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक आहे. सात माणसांची गरज असेल तर महिंद्राचीच एक्सईव्ही ९एस आहे. पण पंचवीस लाखांच्या आसपास मोठी पाच आसनी विजेची गाडी घ्यायची ठरवलेल्या मराठी घरात शेवटी दोन माहितीपत्रके समोरासमोर उरतात, ती बहुधा या दोघींची.

दोघींचा जन्म वेगवेगळ्या पद्धतीने झाला आहे. हॅरियर २०१९ मध्ये डिझेल गाडी म्हणून आली. तिचा पाया, म्हणजे ‘ओमेगा’ ही बांधणी, लँड रोव्हरच्या डी८ बांधणीवरून घेतलेली होती. टाटांनी २००८ मध्ये जग्वार-लँड रोव्हर विकत घेतल्याचा तो थेट फायदा. विजेची हॅरियर करताना हाच सांगाडा मोठ्या प्रमाणावर बदलण्यात आला. मजल्याखाली बॅटरी बसवली, मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिले आणि मोटर मागे नेली. महिंद्राची गाडी मात्र ‘इंग्लो’ नावाच्या, फक्त विजेच्या गाड्यांसाठी आखलेल्या पायावर उभी आहे. तिथे इंजिनाची, गिअरबॉक्सची, डिझेलच्या टाकीची जागा मुळात सोडावीच लागली नाही. म्हणून एक्सईव्हीच्या बोनेटखाली सुमारे १५० लिटरचा सामानाचा कप्पा निघतो, तर हॅरियरच्या बोनेटखाली ६७ लिटरचा आणि दोन मोटरच्या हॅरियरमध्ये अवघा ३५ लिटरचा. केवळ विजेसाठी आखलेली गाडी प्रत्येक बाबतीत सरस ठरते असे मात्र नाही. हॅरियरचे उभे छप्पर, उंच बसणे आणि कच्च्या रस्त्यावरचा दमदारपणा हे त्या जुन्या सांगाड्याचेच देणे आहे.

दोघींच्या बॅटऱ्या एकाच रसायनाच्या आहेत: लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. या प्रकारात निकेल आणि कोबाल्ट नसते. निकेलयुक्त बॅटरीपेक्षा ती जड असते, पण उष्णता सहन करण्यात आणि सहजी पेट न घेण्यात ती उजवी ठरते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा या गुणाची किंमत कळते. एलएफपीची एक सवय लक्षात ठेवावी लागते. या बॅटरीचा विद्युतदाब चार्ज उतरत असताना बराच काळ जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे किती वीज शिल्लक आहे याचा गाडीच्या संगणकाचा अंदाज हळूहळू चुकू लागतो. तो ताळ्यावर आणण्यासाठी अधूनमधून ती पूर्ण शंभर टक्के भरावी लागते. एक्सईव्हीत ५९ आणि ७९ युनिटच्या, हॅरियरमध्ये ६५ आणि ७५ युनिटच्या बॅटरीचा पर्याय आहे. किलोवॉट-तास म्हणजे वीजबिलावरचे युनिट, हे एकदा ध्यानात आले की माहितीपत्रकातली अर्धी कोडी सुटतात. ७९ युनिटची बॅटरी म्हणजे चार माणसांच्या साध्या घराला आठ-दहा दिवस पुरेल एवढी वीज.

आता ज्या आकड्यावर सगळ्यांची नजर पहिल्यांदा जाते, तो पल्ला. ७९ युनिटच्या एक्सईव्हीचा जाहीर पल्ला ६५६ किलोमीटर, ५९चा ५४२. हॅरियरमध्ये ७५ युनिट आणि एका मोटरला ६२७, दोन मोटरला ६२२, ६५ युनिटला ५३८. हे आकडे ‘एमआयडीसी’ या भारतीय चाचणीचे आहेत. औद्योगिक वसाहतींच्या एमआयडीसीशी तिचा संबंध नाही. ही चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखानुसार होते आणि तिच्यातला सर्वांत जास्त वेग ताशी ९० किलोमीटर असतो. चढ नाही, समोरचा वारा नाही, सामानाने भरलेली डिकी नाही. म्हणून हा आकडा एका गाडीची दुसरीशी ढोबळ तुलना करायला उपयोगी पडतो, पण सहलीचे वेळापत्रक त्यावर बेतू नये.

खुद्द कंपन्यांनाही हे मान्य आहे. टाटा ‘सी७५’ नावाचा दुसरा आकडा देतात, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल असा पल्ला. ७५ युनिटच्या एक मोटरवाल्या हॅरियरसाठी तो ४८० ते ५०५ किलोमीटर आहे, दोन मोटरसाठी ४६० ते ४९० आणि ६५ युनिटसाठी ४२० ते ४४५. महिंद्राचे म्हणणे असे की ७९ची गाडी प्रत्यक्षात पाचशेच्या वर जाते आणि ५९ची चारशेच्या वर. हे आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट उघड होते. ७५ची हॅरियर आणि ७९ची एक्सईव्ही यांच्या पल्ल्यात असा फरक नाही की त्यावरून निवड करावी. एका युनिटमागे दोघीही चाचणीत सुमारे ८.३ किलोमीटर दाखवतात. खरा फरक लहान बॅटऱ्यांत आहे. कागदावर ५९ युनिटची एक्सईव्ही ६५ युनिटच्या हॅरियरपेक्षा चार किलोमीटर जास्त जाते. सहा युनिट कमी असूनही! आकाराने उतरत्या छपराची, बुटकी गाडी हवेला कमी अडते हे खरे, पण रोजच्या रस्त्यावर सहा युनिटची उणीव पूर्ण भरून निघेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. लांबचा प्रवास वरचेवर असेल तर दोन्ही बाबतींत मोठीच बॅटरी घ्यावी.

वेगाचा परिणाम सगळ्यांत मोठा असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८०वरून १२०वर गेले की तो सव्वादोन पट होतो. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत हे फारसे जाणवत नाही, कारण इंजिन तसेही बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवत असते. विजेची गाडी मुळात काटकसरी, त्यामुळे वेगाचा भुर्दंड तिच्या हिशेबात लगेच उठून दिसतो. समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. सपाट भागात मोटारींना ताशी १२०ची परवानगी आहे. त्या वेगाला युनिटमागे साडेचार ते पाच किलोमीटर धरले, तर पूर्ण भरलेली ७९ची गाडी ३५५ ते ३९५ किलोमीटर जाईल आणि ७५ची ३३५ ते ३७५. शेवटचे दहा टक्के कुणीही शहाणा चालक वापरत नाही. म्हणजे दोघींनाही या रस्त्यावर किमान एकदा, आणि निवांतपणे जायचे तर दोनदा थांबावे लागते. वेग १००वर ठेवला तर एक थांबा पुरतो आणि एकूण वेळेत फार फरक पडत नाही.

घाटाची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त बाळगली जाते. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत चढण सुमारे साडेपाचशे मीटरची आहे. माणसांसह सव्वादोन टनांची गाडी एवढी उंच न्यायला सव्वातीन-साडेतीन युनिट लागतात. मोटर आणि तारांतली घट धरली तर चार युनिट. म्हणजे सपाटीवरचे वीस-पंचवीस किलोमीटर. उतरताना मोटर जनित्रासारखी चालते आणि त्यातली निम्म्याहून अधिक वीज बॅटरीत परत येते. आंबा, कुंभार्ली किंवा आंबोली घाटातही गणित हेच. फक्त वर राहणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. महाबळेश्वरला रात्रीत बॅटरी काठोकाठ भरून सकाळी लगेच पसरणीचा घाट उतरू नये, कारण भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज घ्यायला जागा नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर पडतो.

जलद चार्जिंग हा महिंद्राचा सर्वांत जोरकस मुद्दा. ७९ युनिटची एक्सईव्ही १७५ किलोवॉटपर्यंतची वीज घेते आणि २० ते ८० टक्के २० मिनिटांत होते, असा कंपनीचा दावा आहे. हॅरियर १२० किलोवॉटवर थांबते आणि त्याच टप्प्याला २५ मिनिटे घेते. पण हा दावा खरा ठरायला समोर १८० किलोवॉटचे यंत्र उभे असावे लागते. महाराष्ट्रातल्या हमरस्त्यांवर, पेट्रोल पंपांवर आणि हॉटेलांच्या आवारात सरसकट आढळतात ती ३० आणि ६० किलोवॉटची यंत्रे. त्यातही ६० किलोवॉटच्या यंत्राला दोन गन असतात आणि दोन गाड्या एकदम लागल्या की बऱ्याच ठिकाणी वीज विभागली जाते. आता हिशेब करून पाहावा. २० ते ८० टक्के म्हणजे एक्सईव्हीत सुमारे ४७ युनिट आणि हॅरियरमध्ये ४५. साठच्या यंत्रावर एकट्याने लावली तर दोघींनाही पन्नास मिनिटांच्या आसपास लागतील आणि तीसच्या यंत्रावर दीड तासाहून अधिक. महिंद्राचा पाच मिनिटांचा फायदा अशा ठिकाणी उरतच नाही.

तो फायदा पुढे वाढत जाईल, हेही प्रामाणिकपणे मांडायला हवे. महिंद्राने १८० किलोवॉटची स्वतःची केंद्रे उभारायला सुरुवात केली आहे, टाटांनी भागीदारांसह १२० किलोवॉटची ‘मेगाचार्जर’ केंद्रे. गाडी आठ-दहा वर्षे वापरायची असेल तर आज न वापरता येणारी क्षमता उद्या उपयोगी पडेल. पण त्यासाठी आज जास्त पैसे मोजायचे का, हे ज्याच्या त्याच्या रस्त्यावर ठरते. ज्यांचे जाणे-येणे मुंबई-पुणे-नाशिक त्रिकोणात आहे, त्यांना मोठी यंत्रे आजही सापडतात. गडचिरोलीकडे, मराठवाड्याच्या आतल्या तालुक्यांत किंवा कोकणात महामार्ग सोडून किनाऱ्याकडे उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या ठिकाणी पंधरा अँपिअरचा चांगला प्लग आहे की नाही, हाच प्रश्न मोठा आहे.

आणि खरेदीचा सगळा निकाल खरे तर याच प्रश्नापाशी लागतो: गाडी रात्री उभी कुठे राहते? शोरूममध्ये यावर पाच मिनिटेही बोलणे होत नाही. साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर तासाला सुमारे तीन युनिट भरतात. दहा तासांच्या रात्रीत तीस युनिट, घट वजा जाता दीडशे किलोमीटरची बेगमी. ज्यांचे रोजचे धावणे चाळीस-पन्नास किलोमीटर आहे, त्यांना एवढे भरपूर झाले. भिंतीवरच्या ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर ७५ युनिटची हॅरियर दहा टक्क्यांवरून पूर्ण भरायला १०.७ तास घेते आणि ७९ची एक्सईव्ही शून्यापासून ११.७ तास. महिंद्रा ११.२ किलोवॉटचाही चार्जर देते. तो आठ तासांत काम करतो, पण त्याला थ्री-फेज जोडणी लागते. दोन्ही कंपन्यांच्या जाहीर किमतीत हा चार्जर धरलेला नाही. ७.२ किलोवॉटचा सुमारे पन्नास हजारांना, महिंद्राचा मोठा पंचाहत्तर हजारांना.

बंगला असेल तर काम सोपे आहे. सोसायटीत ते वायरमन, कमिटी आणि वीज कंपनी यांच्या तिहेरी होकारावर अवलंबून असते. आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल किती लांब जाणार, तिची जाडी पुरेशी आहे का, अर्थिंग नीट आहे का, मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल का, हे गाडी बुक करण्याआधी तपासावे. ७.२ किलोवॉटचा चार्जर सलग दहा तास बत्तीस अँपिअर ओढतो. जुन्या इमारतीच्या वायरिंगसाठी हा भार गंमत नव्हे. एकाच इमारतीत अशा दहा-बारा गाड्या आल्या की इमारतीची मुख्य केबल आणि ट्रान्सफॉर्मरची क्षमताही पाहावी लागते. म्हणून ज्या सोसायट्या एका-एकाला परवानगी देत बसण्याऐवजी सर्वसाधारण सभेत सगळ्यांसाठी एकच आराखडा करतात, त्या पुढची भांडणे टाळतात. मुंबई-ठाण्याच्या इमारतींत आणखी एक अडचण असते: यांत्रिक पार्किंग. त्या पाळण्याची वजन पेलण्याची मर्यादा ठरलेली असते. बॅटरीमुळे या दोन्ही गाड्या बऱ्याच जड आहेत आणि एक्सईव्ही ४.७९ मीटर लांबही आहे. पाळण्यावरची पाटी वाचल्याशिवाय आणि गाडीच्या कागदांतले वजन पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

खर्चाचे गणितही रात्रीच्या त्या जागेवरच उलटते. वर्षाला १५ हजार किलोमीटर धावणे धरू. चार्जिंगमधली घट मोजून भिंतीतल्या एका युनिटमागे साडेपाच किलोमीटर धरू. घरच्या विजेचा दर युनिटला १० रुपये धरला तर किलोमीटरला १ रुपया ८० पैसे पडतात. बाहेरच्या जलद केंद्रावर २२ रुपये युनिट धरले तर ४ रुपये. लिटरला चौदा किलोमीटर देणारी डिझेल एसयूव्ही, ९० रुपयांच्या डिझेलवर, किलोमीटरला ६ रुपये ४० पैसे खाते. म्हणजे घरी चार्ज करणाऱ्याची वर्षाला ६९ हजारांची बचत होते, आणि प्रत्येक वेळी बाहेर चार्ज करणाऱ्याची जेमतेम ३६ हजारांची. वर वेळ जातो तो वेगळाच. इंजिन ऑइल, क्लच, फिल्टर यांचा खर्च वाचतो, पण जड गाडीचे टायर लवकर झिजतात आणि एकोणीस इंची टायर स्वस्त येत नाहीत.

घरच्या विजेतही एक खाच आहे. वर्षाला १५ हजार किलोमीटर म्हणजे महिन्याला सव्वादोनशे युनिटहून थोडे अधिक. ते घरच्याच मीटरवर पडले तर बिल वरच्या टप्प्यात जाते आणि युनिटचा दर चढतो. म्हणून ईव्हीसाठी वेगळे मीटर घेणे बऱ्याच घरांना परवडते. गच्चीवर सौर पॅनेल बसवता येत असतील तर त्याहून चांगले. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देते. गाडीपुरता विचार केला तर दोन किलोवॉट पुरतात.

राज्य सरकारच्या सवलती दोघींना सारख्याच लागू होतात, त्यामुळे त्या निवडीचा नव्हे तर निर्णयाचा भाग आहेत. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ईव्ही धोरणाची मुदत ३१ मार्च २०३०पर्यंत आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना टोलमाफी आहे. द्रुतगती मार्गाचा मोटारीचा एकेरी टोल ३२० रुपये आहे. दर आठवड्याला एकदा पुणे-मुंबई जाऊन येणाऱ्याचे एवढ्यावरच वर्षाला ३३ हजार रुपये वाचतात, म्हणजे जवळपास बाहेर चार्जिंग करणाऱ्याच्या इंधन-बचतीइतकेच. याशिवाय देशभरात विजेच्या गाड्यांवर जीएसटी ५ टक्के आहे आणि तृतीय-पक्ष विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट मिळते.

आता गाडीच्या आत शिरू. एक्सईव्ही ४,७८९ मिलिमीटर लांब, १,६९४ उंच. हॅरियर ४,६०७ लांब, १,७४० उंच. रुंदीचे आकडे मात्र माहितीपत्रकांवरून ताडून पाहू नयेत. महिंद्रा आरसे सोडून १,९०७ मिलिमीटर सांगते आणि टाटा आरसे धरून २,१३२. प्रत्यक्षात पेठेतल्या गल्लीत दोघीही सारख्याच अवघडतात. लांबीचा फायदा एक्सईव्हीला डिकीत मिळतो. ६६३ लिटर विरुद्ध ५०२. पुढचे कप्पे मिळवले तर ८१३ विरुद्ध ५६९. गणपतीला किंवा शिमग्याला गावी निघालेल्या कुटुंबाला हा फरक पहिल्याच प्रवासात कळेल.

मागच्या आसनावर पारडे फिरते. एक्सईव्हीचे छप्पर मागे उतरत जाते, पायाला जागा भरपूर असली तरी उंच माणसाच्या डोक्यावरची जागा आखडते आणि मागची काच अरुंद दिसते. बॅटरी मजल्याखाली असल्याने विजेच्या गाड्यांत मजला उंच येतो, गुडघे वर राहतात आणि मांडीला आधार कमी पडतो. लांबच्या प्रवासात ज्येष्ठांना हे जाणवते. हॅरियरमध्ये उभे छप्पर आणि मोठ्या खिडक्या यामुळे मागे बसणाऱ्याला मोकळे वाटते. आजी-आजोबा नियमित मागे बसणार असतील तर चाचणीसाठी त्यांनाच घेऊन जावे. चालकाच्या शेजारी बसून घेतलेली टेस्ट ड्राइव्ह या बाबतीत काहीच सांगत नाही. एक्सईव्हीच्या छतावरची मोठी काच न उघडणारी आहे. वरच्या हॅरियरमधले पॅनोरमिक सनरूफ उघडते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दोन्हींच्या काचेखाली एसीला जादा काम पडते.

पडद्यांची तुलना लवकर उरकता येते. एक्सईव्हीत १२.३ इंचांचे तीन पडदे, त्यातला एक शेजारच्या प्रवाशापुढे. वरच्या प्रकारातल्या हॅरियरमध्ये मधोमध १४.५३ इंचांचा एक, चालकापुढे १०.२५ इंचांचा दुसरा. चित्र दोन्हीकडे उत्तम. पण एसीसारखी साधी गोष्ट पडद्यातून किंवा स्पर्शाच्या पट्टीवरून बदलावी लागणे हे खड्ड्यांच्या रस्त्यावर सोयीचे नाही, आणि या बाबतीत दोन्ही कंपन्यांनी ग्राहकाच्या बोटांपेक्षा दिखाव्याचा विचार जास्त केला आहे. दोन्ही गाड्या सॉफ्टवेअरवर चालतात. त्यामुळे चाचणीच्या वेळी फोन जोडणे, कॅमेरे, कुलूप आणि आवाजी सूचना एवढ्या गोष्टी शांतपणे तपासाव्यात. गावात किंवा तालुक्यात राहणाऱ्यांनी जवळच्या सर्व्हिस सेंटरवर उच्च दाबाच्या बॅटरीचे काम जाणणारा कारागीर आहे का, हेही विचारावे. फक्त तेल बदलणारे केंद्र इथे कामाचे नाही.

चालवण्यात दोघींचा स्वभाव वेगळा आहे. ७९ची एक्सईव्ही २१० किलोवॉटची मोटर घेऊन ६.८ सेकंदांत शंभरचा वेग गाठते. ५९मध्ये मोटर १७० किलोवॉटची. दोन मोटरची हॅरियर ५०४ न्यूटन-मीटरच्या जोरावर ६.३ सेकंदांत तिथे पोचते. कुटुंबाच्या गाडीला एवढ्या घाईची गरज नाही. शहरात वळवायला एक्सईव्ही सोपी. कंपनी वळणाचा व्यास १० मीटर सांगते. हॅरियरला साडेअकरा मीटर लागतात आणि अरुंद घाटातल्या आकड्यासारख्या वळणावर तो फरक जाणवतो. खराब रस्त्यावर मात्र हॅरियर आपल्या घरी असते. खड्डे, गतिरोधक आणि उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले डांबर ती शांतपणे पचवते.

चारही चाकांना ओढ फक्त हॅरियरमध्ये मिळते, तीही सर्वांत वरच्या प्रकारात. त्यासाठी त्याच प्रकारातल्या एक मोटरच्या गाडीपेक्षा दीड लाख जास्त मोजावे लागतात आणि पल्ल्यातले थोडे किलोमीटर सोडावे लागतात. पावसाळ्यात कोकणातल्या जांभ्याच्या निसरड्या चढावर, शेतातल्या काळ्या चिखलात किंवा सह्याद्रीतल्या वाडीच्या कच्च्या वाटेवर ज्यांचे नित्य जाणे आहे, त्यांना हे पैसे वसूल होतील. बाकीच्यांनी ते चांगल्या टायरवर खर्च करावेत. हॅरियर ६०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असे टाटा सांगतात. बॅटरीला पाण्यापासून संरक्षण असते, पण कार्पेट, सीट आणि तारांच्या जोडण्यांना नसते. तुंबलेल्या रस्त्यात उगाच घालू नये.

तिची आणखी एक सोय ग्रामीण महाराष्ट्राच्या उपयोगाची आहे. गाडीतून ३.३ केव्हीएपर्यंतची वीज बाहेर काढता येते. लोडशेडिंगमध्ये घराचे दिवे-पंखे आणि फ्रिज त्यावर सहज चालतात.

सुरक्षिततेवरून निवड करण्याचे कारणच नाही. ‘भारत एनकॅप’च्या चाचणीत दोघींनाही पाच तारे, मोठ्यांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३२ आणि मुलांच्या सुरक्षेत ४९ पैकी ४५ गुण आहेत. परदेशी गाड्यांकडे पाहूनच मजबुतीची चर्चा करण्याची सवय असलेल्या देशात, एकाच जिल्ह्यातल्या दोन कारखान्यांनी हे करून दाखवले याचा अभिमान वाटावा.

बॅटरीची हमी दोन्ही कंपन्या ‘आयुष्यभर’ देतात. ती पहिल्या खासगी मालकासाठी असते. टाटांच्या व्याख्येत हे आयुष्य नोंदणीपासून पंधरा वर्षांचे आहे. गाडी विकली की अटी बदलतात. चार-पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्या कुटुंबाने दुसऱ्या मालकाला काय मिळणार हे कागदावर वाचून घ्यावे, कारण विक्रीची किंमत त्यावरच ठरेल.

राहिला प्रकार निवडण्याचा प्रश्न. हॅरियरमध्ये ‘फिअरलेस प्लस’ ६५ युनिटला २३.९९ लाखांना आणि ७५ला २४.९९ लाखांना जाहीर झाली. एका लाखात दहा युनिट. एक्सईव्हीचा ‘पॅक टू’ ५९ला २४.९० आणि ७९ला २६.५० लाख. एक लाख साठ हजारांत वीस युनिट आणि वर ताकदवान मोटर. म्हणजे लहान बॅटरीवरून मोठीवर जाणे महिंद्रात जास्त फायद्याचे, आणि एकूण किंमत टाटांत कमी. सर्वांत वरचे प्रकार दोन्हीकडे मुख्यतः पडदे, ध्वनियंत्रणा आणि सजावट यांचे पैसे घेतात. मधल्या प्रकारात मोठी बॅटरी हीच दोन्हीकडची शहाणी खरेदी.

घरी चार्जिंगची सोय आहे, महिन्यातून तीन-चारदा तीनशे किलोमीटरच्या पुढचा प्रवास आहे, सामान जास्त आणि मागे बसणारी मुले, अशा घराने ७९ युनिटची एक्सईव्ही ९ई, पॅक टू, घ्यावी. घरात ज्येष्ठ माणसे आहेत, रस्ते खराब आहेत, गावाकडचे जाणे-येणे आहे आणि दीड लाख वाचवायचे आहेत, अशांनी ७५ युनिटची हॅरियर, फिअरलेस प्लस. महाराष्ट्रातल्या बहुतेक कुटुंबांची परिस्थिती दुसऱ्या वर्णनाला जवळची आहे, म्हणून दोघींत एकीचीच शिफारस करायची तर ती हॅरियरची. आणि ज्यांच्या पार्किंगमध्ये अजून प्लग पोचलेला नाही, त्यांनी दोघींपैकी एकीचेही बुकिंग करण्याआधी सोसायटीची परवानगी आणि वायरमनचा होकार लेखी घ्यावा. तो मिळेपर्यंत थांबावे.